प्रोग्रॅम /होममध्ये ठेवला काय आणि /ऑप्टमध्ये ठेवला काय, वेगात फरक पडतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घणसोलीत तुमच्याकडे एक रिफर्बिश्ड डेस्कटॉप आहे. त्यात १२० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. उबुंटू २४.०४ लिनक्स एसएसडीवर टाकलंय आणि जागा पुरावी म्हणून /होम, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींची डिरेक्टरी, हार्ड डिस्कवर. अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या प्रोग्रॅमची टार फाइल (एकत्र बांधलेलं गाठोडं) होममध्येच सोडवून तिथून चालवत होतात, तेव्हा उघडायला अर्धा मिनिट लागायचं. मित्र म्हणाला, ‘/ऑप्टमध्ये टाक, ती सिस्टीमची डिरेक्टरी आहे, तिथलं फास्ट चालतं.’ टाकलंत, आणि पाच-सात सेकंदांत उघडलं. मग ऑफिसमधल्या सीनियरने उडवून लावलं, ‘लिनक्सला डिरेक्टरीशी काही देणंघेणं नसतं, तुला भास होतोय.’ यातलं खरं कोणाचं आणि बाकीचे प्रोग्रॅमही /ऑप्ट किंवा /यूएसआर/लोकलमध्ये हलवायचे का, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक ओळ टाकलीय, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली: स्टुडिओ लवकर उघडतो, पण बिल्ड (कोडपासून ॲप तयार होणं) पूर्वीइतकंच रखडतं.

दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे. डिरेक्टरीच्या नावात वेग नसतो, इथे सीनियर बरोबर. पण ती डिरेक्टरी कुठल्या डिस्कवर, कुठल्या फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फाइली मांडायच्या व्यवस्थेवर) बसलीय याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि तुमच्या मशीनवर नेमकं तेच झालंय, त्यामुळे मित्राचा अनुभव खोटा नाही. पत्त्यात सेक्टर पाच लिहिलंय की आठ, याने ऐरोलीच्या ऑफिसात पोहोचायला उशीर होत नाही. घर खाडीच्या अलीकडे आहे की रोज पूल ओलांडून यावं लागतं, याने होतो. मी महापे-रबाळे पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये कंपन्यांचे सर्व्हर, वर्कस्टेशन सांभाळतो. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा विचारतो, आणि बहुतेकांना मिळालेलं उत्तर असंच अर्धवट असतं.

प्रोग्रॅम सुरू होताना आत काय होतं ते जरा सावकाश बघू, कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप सुटतात.

तुम्ही /ऑप्ट/अँड्रॉइड-स्टुडिओ/बिन/स्टुडिओ असा मार्ग दिला की कर्नल (लिनक्सचा गाभा) तो तुकड्यातुकड्याने सोडवतो. मुळाच्या डिरेक्टरीत ‘ऑप्ट’ आहे का, त्यात पुढचं नाव आहे का, असं करत शेवटी फाइलच्या आयनोडपर्यंत पोहोचतो. आयनोड म्हणजे फाइलची खरी नोंद: आकार किती, मालक कोण, डिस्कवर कुठे पडलीय. ही शोधाशोध एकदा झाली की नावांच्या नोंदी डेंट्री कॅशेत राहतात, म्हणजे रॅममध्ये. पुढच्या वेळी डिस्कला हातही लावावा लागत नाही आणि एकेका तुकड्याला मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. त्यामुळे मार्ग तीन पायऱ्यांचा असो की दहा पायऱ्यांचा, माणसाला जाणवेल असा फरक नाही.

आयनोड हाती आला की मार्गाचं काम संपलं. त्यानंतर कर्नल अख्खी फाइल रॅममध्ये ओतत बसत नाही. फाइलच्या सुरुवातीची माहिती वाचून तिचे भाग प्रोसेसच्या (चालू झालेल्या प्रोग्रॅमच्या) मेमरीत नुसते जोडून ठेवतो. प्रोसेसर जसजसा पुढच्या सूचनांकडे जातो तसतसं ‘हे पान अजून आलेलं नाही’ असं कळतं, याला पेज फॉल्ट म्हणतात, आणि मग तेवढं ४ केबीचं पान, सोबत पुढची थोडी पानं, डिस्कवरून उचलली जातात. उचललेलं पान पेज कॅशेत राहतं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडलात आणि मध्ये रॅम दुसऱ्या कोणी बळकावली नसेल, तर ती पानं तिथेच मिळतात. दुसऱ्यांदा उघडताना सगळं झटकन होतं ते यामुळे.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: पेज कॅशेची नोंद आयनोडवर असते, नावावर नसते. एकाच फाइलला दोन डिरेक्टऱ्यांत हार्ड लिंकने दोन नावं दिलीत तर रॅममधली पानं एकच. उलट एकाच प्रोग्रॅमची कॉपी दोन ठिकाणी ठेवलीत तर कर्नलच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली, पानंही दोनदा येणार. आणि एकदा पानं रॅममध्ये आली की प्रोसेसर रॅममधून काम करतो. ती आली कुठून याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

आता ‘सिस्टीमची डिरेक्टरी’ हा भाग. /यूएसआर/बिनमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमला कर्नल झुकतं माप देतो, ही समजूत खूप पसरलीय. तसं काही नाही. प्रायॉरिटी ठरते ती नाइस व्हॅल्यू, शेड्युलरचे (प्रोसेसरचा वेळ वाटणाऱ्या भागाचे) नियम आणि सी-ग्रुप (प्रोसेसचे गट) यांवर, आणि या गोष्टी प्रोसेसला लागतात. तिची फाइल कुठल्या डिरेक्टरीत आहे हे त्यात बघितलंच जात नाही. सिस्टीमच्या डिरेक्टऱ्यांचं वेगळेपण मालकीत आहे: तिथे रूटशिवाय (मशीनचा सर्वाधिकारी युजर) कोणी लिहू शकत नाही. अँड्रॉइड स्टुडिओच्या अधिकृत सूचनांमध्ये ‘स्वतःपुरता हवा असेल तर /यूएसआर/लोकल, सगळ्या युजरना हवा असेल तर /ऑप्ट’ अशा अर्थाचं वाक्य आहे. मुलं ते वाचून त्यात वेग शोधतात. ती सूचना कोण वापरणार याबद्दल आहे, बस.

पाथ व्हेरिएबलचंही थोडक्यात उरकतो. नुसतं नाव टाइप केलं की शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम, उबुंटूत बॅश) पाथमधल्या डिरेक्टऱ्या क्रमाने धुंडाळतो. बॅश सापडलेली जागा लक्षातही ठेवतो (‘हॅश’ कमांड देऊन बघा), त्यामुळे क्रमाने वेग बदलत नाही. मात्र उबुंटूत /यूएसआर/लोकल/बिनचा नंबर /यूएसआर/बिनच्या आधी लागतो. म्हणून कधी कधी ‘हलवल्यावर फास्ट झालं’ याचा अर्थ इतकाच असतो की आधी रिपॉझिटरीतली जुनी आवृत्ती चालत होती आणि आता तुम्ही टाकलेली नवी चालतेय. ‘टाइप -ए’ देऊन कुठली उचलली जातेय ते आधी बघायचं.

गंमत म्हणजे एके काळी डिरेक्टरी आणि वेग यांचं नातं अगदी थेट होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ वर युनिक्स चालवत होते, तेव्हा त्या मशीनला एक लहान, फिक्स्ड हेडची वेगवान डिस्क होती आणि जोडीला हलत्या हेडच्या, जास्त जागेच्या पण हळू डिस्क. कुठली डिरेक्टरी कुठल्या डिस्कवर याला तेव्हा मोल होतं. /बिन आणि /यूएसआर/बिन अशी फाळणी त्याच काळातली, जागेच्या टंचाईतून आलेली. आज ती फाळणीही उरलेली नाही: फेडोराने २०१२ मध्ये आवृत्ती १७ पासून दोन्ही एक केले, तुमच्या उबुंटूतही /बिन म्हणजे /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी सिमलिंक आहे. तेव्हा ‘/बिन जास्त फास्ट’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता तुमच्या मशीनकडे. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत पुरी करते. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या वर. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ८-९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेलं काही वाचायचं तर दर खेपेला १२-१३ मिलिसेकंद गेले. अँड्रॉइड स्टुडिओसारखा प्रोग्रॅम उघडताना शेकड्यांनी जार फाइली, प्लगइन, आयकॉन, सेटिंग वाचतो. हिशेबापुरत्या २००० विखुरलेल्या खेपा धरा: हार्ड डिस्कवर २५ सेकंद. साध्या साटा एसएसडीला तशी एक खेप मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पडते, म्हणजे २००० खेपा पाव सेकंदात. कर्नल पुढची पानं आगाऊ उचलतो म्हणून प्रत्यक्षात हार्ड डिस्कची अवस्था इतकी वाईट नसते, पण तुमचं अर्धं मिनिट कुठून आलं याचा अंदाज येईल. /ऑप्ट तुमच्या मुळाच्या पार्टिशनवर आहे, मुळाचं पार्टिशन एसएसडीवर. तुम्ही डिरेक्टरी बदलली असं वाटलं. खरं तर डिस्क बदललीत.

होममध्येच ‘अॅप्स’मधून उचलून ‘टूल्स’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला असतात तर काय झालं असतं? काहीच नाही. एकाच फाइल सिस्टीमच्या आत ‘एमव्ही’ केलं की फक्त नावाची नोंद इकडची तिकडे होते, डेटा डिस्कवर जिथे पडलाय तिथेच पडून राहतो. फाइल सिस्टीम ओलांडली तरच ‘एमव्ही’ खरोखर कॉपी करून जुनं पुसतो.

आणि इथेच तुमच्या प्रयोगात एक खोट आहे. कॉपी होताना लिहिलेली पानं पेज कॅशेतून जातात आणि तिथेच रेंगाळतात. म्हणजे /ऑप्टमध्ये टाकल्या टाकल्या तुम्ही स्टुडिओ उघडलात तेव्हा त्याचा बराचसा भाग आधीच रॅममध्ये गरम होता. पाच-सात सेकंदांतलं श्रेय एसएसडीचं किती आणि कॅशेचं किती, हे त्या एका खेपेवरून सांगता येत नाही. मी पैज लावेन की मोठा वाटा एसएसडीचाच आहे, पण मोजल्याशिवाय बोलू नये.

मोजायचं कसं ते सांगतो. आधी ‘फाइंडमाउंट -टी’ (टाइप करताना findmnt -T, टी कॅपिटल) आणि पुढे डिरेक्टरीचा मार्ग. ती डिरेक्टरी कुठल्या डिव्हाइसवर, कुठल्या प्रकारच्या फाइल सिस्टीमवर, कुठल्या ऑप्शननी माउंट आहे (जोडलीय) हे एका ओळीत दिसतं. ‘एलएसबीएलके -ओ’ पुढे नेम आणि रोटा असे रकाने मागा. रोटाखाली १ म्हणजे फिरती डिस्क, ० म्हणजे एसएसडी. यूएसबी डब्यातल्या एसएसडीलाही कधी कधी १ दिसतो, तेव्हा त्यावर डोळे झाकून विसंबू नका. मग थंड सुरुवात मोजा, म्हणजे प्रोग्रॅमचं काहीच रॅममध्ये नसताना उघडणं. सगळ्यांत सोपं म्हणजे मशीन रीस्टार्ट करून दोन मिनिटं शांत बसू द्यायचं आणि मग उघडायचं. रीस्टार्टचा कंटाळा असेल तर ‘सिंक’ देऊन रूट म्हणून /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा. स्वतःच्या मशीनवर खुशाल करा. चालू सर्व्हरवर मात्र करू नका, कॅशे रिकामी झाली की तिथल्या सगळ्यांचंच काम मंदावतं आणि तुमच्या नावाने बोंब होते.

मग /यूएसआर/बिन/टाइम -व्ही लावून प्रोग्रॅम चालवा. पूर्ण मार्ग द्यायचा, कारण नुसतं ‘टाइम’ लिहिलं तर बॅशचं स्वतःचं टाइम चालतं आणि ते इतकं सांगत नाही. हे मशीनवर नसेल तर ‘टाइम’ नावाचं पॅकेज टाकून घ्या. स्टुडिओ उघडला की लगेच बंद करा आणि आउटपुट बघा. एकूण लागलेल्या वेळात तुमचा हात बंद करायला कधी पोहोचला हेही मिसळलेलं असतं, तेव्हा तो आकडा सोडा. दोन ओळी बघा. ‘मेजर पेज फॉल्ट’ म्हणजे पान रॅममध्ये नव्हतं म्हणून डिस्ककडे जावं लागलं असे प्रसंग. ‘फाइल सिस्टीम इनपुट्स’ म्हणजे डिस्कवरून एकूण किती वाचलं. थंड सुरुवातीला हे आकडे मोठे येतात. लगेच दुसऱ्यांदा चालवलंत तर शून्याच्या जवळ. आता याच दोन खेपा होममधल्या कॉपीवर आणि /ऑप्टमधल्या कॉपीवर करा. गरम खेपेत दोन्हीकडून उघडायला सारखाच वेळ लागेल, थंड खेपेत फरक दिसेल. तुमच्या सीनियरनी बहुधा गरम खेप बघितलेली असते, मित्राने थंड. वाद तिथून सुरू होतो.

इथवरचं एका डेस्कटॉपपुरतं झालं. परिस्थिती बदलली की उत्तर कसं बदलतं त्याचीही उदाहरणं देतो, कारण उद्या तुम्ही कुठल्या ऑफिसात बसाल सांगता येत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका डिझाइन ऑफिसात सगळ्यांची होम डिरेक्टरी सर्व्हरवरून एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, येत होती. बॅकअपच्या दृष्टीने छान सोय. पण मुलांनी आपापली टूल्सही होममध्येच टाकलेली. सकाळी साडेनऊला सगळे एकदम मशीन उघडायचे आणि पहिली पंधरा मिनिटं सगळे चहा प्यायला मोकळे. तक्रार आली की सर्व्हरची डिस्क बदला. एका मशीनवर ‘एसट्रेस’ (प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर वेगळंच चित्र. टूल एकेका लायब्ररीसाठी (तयार कोडच्या फाइलीसाठी) आठ-दहा डिरेक्टऱ्या धुंडाळत होतं आणि ओळीमागून ओळ ‘अशी फाइल नाही’ हे उत्तर येत होतं. लोकल डिस्कवर ‘नाही’ हे उत्तर डेंट्री कॅशेतून फुकटात मिळतं. एनएफएसवर फाइल उघडताना ती मध्ये बदलली तर नाही ना, हे क्लायंट सर्व्हरला विचारून घेतो. डेटा कॅशेत असला तरी ही विचारणा चुकत नाही. एक विचारणा मिलिसेकंदाच्या आतच होते, पण ती हजारोंनी आणि सगळ्या मशीनवरून एकाच वेळी झाली की रांग लागते. डिस्क बदलून यात काडीचाही फरक पडला नसता. टूल्स प्रत्येक मशीनच्या लोकल /ऑप्टमध्ये टाकली, होममध्ये फक्त कामाच्या फाइली ठेवल्या, आणि तक्रार संपली. तिथे कोणी विचारलं असतं की डिरेक्टरीने वेग बदलतो का, तर मी बेधडक ‘हो’ म्हणालो असतो.

दुसरं उदाहरण जास्त मजेशीर आहे, कारण त्यात डिस्क तीच, फाइल सिस्टीम तीच, आणि तरी डिरेक्टरीने फरक पडतो. पायथनचं एखादं मोठं टूल रूटने /ऑप्टमध्ये नुसतं कॉपी केलं. युजर ते चालवतो. पायथन प्रत्येक मॉड्यूल पहिल्यांदा कंपाइल करून त्याचा बाइटकोड शेजारच्या ‘पायकॅशे’ फोल्डरमध्ये ठेवायला बघतो, म्हणजे पुढच्या वेळी ते कष्ट वाचतात. पण /ऑप्टमध्ये युजरला लिहायची परवानगी नाही. पायथन याची तक्रार करत नाही, गुपचूप पुढे जातो, आणि दर वेळी सगळं नव्याने कंपाइल करतो. तेच टूल युजरच्या होममध्ये ठेवलं तर दुसऱ्या खेपेपासून चटकन उघडतं. लोक मग म्हणतात, ‘/ऑप्ट स्लो आहे.’ उपाय सोपा: रूट म्हणून एकदा ‘पायथन३ -एम कंपाइलऑल’ त्या डिरेक्टरीवर चालवायचं, म्हणजे बाइटकोड तयार होऊन बसतो. डिस्ट्रिब्युशनची पॅकेजेस हे काम इन्स्टॉल होतानाच उरकतात, म्हणून ‘ॲप्ट’ने (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरने) टाकलेल्या टूलला हा त्रास होत नाही.

लायब्रऱ्यांच्या बाबतीतही डिरेक्टरीला अर्थ असतो. डायनॅमिक लिंकर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्रऱ्या जोडून देणारा) सहसा एलडीकॉन्फिगने तयार केलेल्या तयार यादीतून लायब्ररीची जागा काढतो. तुम्ही एलडी लायब्ररी पाथ नावाच्या व्हेरिएबलमध्ये पाच-सहा डिरेक्टऱ्या कोंबल्यात की त्या प्रत्येकीत आधी शोध होतो. लोकल डिस्कवर हे खपून जातं, नेटवर्कवर वागळे इस्टेटसारखं होतं. आणि एक जागा अशी आहे जिथे डिरेक्टरीच्या नावातच खरोखर वेग आहे: २०२१ च्या जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ पासून लायब्रऱ्यांच्या डिरेक्टरीखाली ‘जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स’ नावाची डिरेक्टरी असू शकते आणि तिच्या आत प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे फोल्डर. तुमचा प्रोसेसर नव्या पिढीचा असेल तर लिंकर त्या पिढीसाठी कंपाइल केलेली लायब्ररी तिथून आपणहून उचलतो. हे काम पॅकेज बनवणाऱ्यांचं. तुम्ही आपल्या फाइली तिथे टाकायला जाऊ नका.

कंपनीच्या लॅपटॉपवर सुरक्षेचा एजंट असेल तर तोही बघावा लागतो. फाइल उघडताना स्कॅन करणारे एजंट बऱ्याचदा ठरावीक डिरेक्टऱ्या वगळून ठेवलेले असतात. वगळलेल्या डिरेक्टरीतला प्रोग्रॅम पळतो, तोच होममधून चालवला तर प्रत्येक फाइल उघडताना थबकतो. यावर आपल्या हातात काही नसतं, आयटीवाल्यांना विचारून अधिकृत जागा घ्यायची. आणि ज्यांना ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल २ मध्ये लिनक्स वापरावं लागतं त्यांच्यासाठी एकच वाक्य: /एमएनटी/सीखाली (विंडोजच्या सी ड्राइव्हवर) प्रोजेक्ट ठेवू नका. तिथली प्रत्येक फाइल विंडोजच्या बाजूने प्रोटोकॉलवरून येते, आणि हजारो छोट्या फाइलींच्या कामाला, गिट असो की नोडचे मॉड्यूल, त्याची चांगलीच किंमत मोजावी लागते. लिनक्सच्या स्वतःच्या होममध्ये ठेवा.

डिस्क एन्क्रिप्ट केलीय म्हणून प्रोग्रॅम हळू चालतो का, असंही लोक विचारतात. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनच्या सूचना हार्डवेअरमध्येच असल्याने घरगुती वापरात ते जाणवत नाही. सोडून देऊ.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येतो, बिल्ड पूर्वीइतकंच रखडतं. मला वाटतं तुमचं खरं दुखणं हेच आहे, आणि प्रोग्रॅम कितीही हलवलात तरी ते जाणार नाही.

कारण असं की अँड्रॉइड स्टुडिओ हा वाचला जाणारा भाग. जे सतत वाचलं आणि लिहिलं जातं ते सगळं अजून होममध्ये, म्हणजे हार्ड डिस्कवर आहे. ग्रेडल (बिल्ड करणारं टूल) आपल्या लायब्रऱ्या आणि कॅशे होममधल्या .ग्रेडलमध्ये ठेवतो. स्टुडिओचे इंडेक्स .कॅशेखाली गूगलच्या फोल्डरमध्ये. एसडीके (ॲप बनवायची साधनं) होममधल्या अँड्रॉइड फोल्डरमध्ये. इम्युलेटरच्या (आभासी फोनच्या) इमेज .अँड्रॉइडमध्ये. आणि तुमचा प्रोजेक्ट, त्यातलं बिल्ड फोल्डर धरून, तिथेच. एक बिल्ड म्हणजे या सगळ्यात हजारो छोट्या फाइलींची उचल-ठेव, म्हणजे हार्ड डिस्कच्या हेडची नुसती धावपळ. बिल्ड चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘आयओस्टॅट -एक्स १’ लावा (‘सिसस्टॅट’ पॅकेजमध्ये येतं). हार्ड डिस्कच्या ओळीत शेवटचा ‘युटिल’ रकाना शंभराला चिकटलेला आणि प्रोसेसर मात्र बराचसा रिकामा दिसला, तर दोष डिस्कचा. एसएसडीच्या बाबतीत युटिल शंभर दिसलं म्हणजे ती दमलीच असं होत नाही, पण फिरत्या डिस्कला हा आकडा चांगला लागू पडतो.

सोबत ‘व्हीएमस्टॅट १’ही बघा. त्यातले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने स्वॅपमधून (रॅम भरली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) आत आणि बाहेर जाणारी पानं दाखवतात. बिल्डच्या वेळी तिथे सतत आकडे हलत असतील तर रॅम अपुरी पडतेय. तुम्ही रॅम किती ते लिहिलं नाहीये. नुसत्या स्टुडिओसाठी ८ जीबी ही गूगलने सांगितलेली किमान पातळी, इम्युलेटर धरून १६. ८ मध्ये स्टुडिओ, ग्रेडल आणि क्रोम एकत्र बसवले की पेज कॅशेला जागाच उरत नाही, मग आधी वाचलेलं पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं, आणि एसएसडीचा फायदाही निम्मा खाल्ला जातो.

डिस्कचाच दोष निघाला तर मी काय करेन? एकेक फोल्डर सिमलिंकने एसएसडीवर नेण्याचा मोह होईल, आणि एक .ग्रेडल असेल तर ते ठीकही आहे. त्यासाठी ग्रेडल युजर होम ही सेटिंग आहे, सिमलिंकचीही गरज नाही. पण .ग्रेडल, .कॅशे, एसडीके, प्रोजेक्ट असं चार ठिकाणी ठिगळं लावत बसण्यापेक्षा मांडणी उलटी करावी. होम एसएसडीवर आणा आणि हार्ड डिस्क /डेटा अशा नावाने माउंट करून तिच्यावर फोटो, सिनेमे, आयएसओ, जुने प्रोजेक्ट, असं क्वचित उघडलं जाणारं टाका. १२० जीबीत उबुंटू, स्टुडिओ, एसडीके, दोन-तीन प्रोजेक्ट आरामात मावतात. इम्युलेटरच्या इमेज मात्र एक-दोनच ठेवा, त्या जागा फार खातात.

करण्याची पद्धत थोडक्यात. बॅकअप घ्या, हे गृहीत धरतोय. जड पण थंड फोल्डर हार्ड डिस्कवरच एका वेगळ्या फोल्डरमध्ये बाजूला करा. मग ग्राफिकल लॉगिन बंद करून, रूट म्हणून, उरलेलं होम ‘आरसिंक’ने मुळाच्या पार्टिशनवर एका तात्पुरत्या जागी कॉपी करा, परवानग्या आणि मालकी शाबूत राहील असे ऑप्शन द्या, -एएचएएक्स (-aHAX) पुरेसं. एफएसटॅबमधली (काय कुठे माउंट करायचं त्या यादीतली) /होमची ओळ /डेटाकडे वळवा, /होम अनमाउंट करा आणि मगच कॉपी /होममध्ये आणा, नाहीतर ती परत हार्ड डिस्कवरच जाईल. मग रीस्टार्ट. सगळं नीट चालतंय हे आठवडाभर बघितल्याशिवाय हार्ड डिस्कवरची जुनी कॉपी पुसू नका. आणि ती डिस्क जुनी आहे असं तुम्हीच म्हणताय, तर या निमित्ताने ‘स्मार्टसीटीएल -ए’ लावून रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टरचे आकडे बघून घ्या. पेंडिंगमध्ये काही दिसलं तर अर्धं मिनिट उघडण्यामागे तेही कारण असू शकतं: डिस्क खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते, आणि तोवर प्रोग्रॅम ताटकळतो.

एवढं केल्यावर स्टुडिओ /ऑप्टमध्ये ठेवायचा की परत होममध्ये आणायचा? दोन्ही एकाच एसएसडीवर आल्यामुळे वेगाच्या दृष्टीने सारखंच. मशीनवर तुम्ही एकटेच असाल तर मी होममध्येच ठेवेन, कारण स्टुडिओ आतल्या आत अपडेट व्हायला बघतो तेव्हा त्याला स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते. /ऑप्टमध्ये रूटच्या मालकीने ठेवलात तर प्रत्येक अपडेटला अडेल आणि तुम्ही वैतागून ‘सुडो’ने (रूटच्या अधिकाराने) स्टुडिओ चालवायला लागाल, मग होममध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात आणि बिल्ड वेगळ्याच कारणाने फेल व्हायला लागतात. घरात भाऊ-बहीण वेगळ्या लॉगिनने तोच स्टुडिओ वापरत असतील तर /ऑप्ट बरं. बाकीचे प्रोग्रॅम ‘ॲप्ट’ने टाकलेले असतील तर त्यांना अजिबात हात लावू नका, ते आधीपासूनच एसएसडीवर आहेत, आणि हाताने हलवलेत तर पॅकेज मॅनेजरला ते सापडणार नाहीत.

‘फाइंडमाउंट’, ‘एलएसबीएलके’ आणि बिल्ड चालू असतानाचं अर्ध्या मिनिटाचं ‘व्हीएमस्टॅट’, एवढी तीन आउटपुटं आणि मशीनची रॅम कळवा. होम हलवायच्या आधी रॅम वाढवणं फायद्याचं आहे का, ते त्यावरून सांगता येईल.